पितृपंधरवड्यातल्या सहा पैठण्या : एका दुकानाचं चार्जबॅक प्रकरण

८ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "ताई, पैसे खात्यात आले होते हो. त्याला दोन महिने होत आले. साडी पोचली, घेतल्याची सही आहे आपल्याकडे. आणि गेटवेचा मेल आलाय की बेचाळीस हजार वळते केले म्हणून. असं कुणाला करता येतं का?"

करता येतं. याला चार्जबॅक म्हणतात : कार्डधारकाने बँकेकडे तक्रार केली की विक्रेत्याला मिळालेले पैसे परत ओढले जातात. गेटवे म्हणजे वेबसाइटवर कार्डाने भरलेले पैसे दुकानाच्या खात्यात पोचवणारी कंपनी. ते का करता येतं आणि आपल्याकडचे विक्रेते त्यात नेमके कुठे सापडतात, हे सांगण्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे. मी लहान विक्रेत्यांच्या वेबसाइटवरच्या पेमेंटचं काम बघते. हे कुटुंब येवल्याच्या बाजूचं, तीन पिढ्या पैठणीच्या धंद्यात. त्यांना विचारूनच लिहिते आहे, पण दुकानाचं नाव आणि गाव देत नाही. काका दुकान सांभाळतात. करोनात दुकानाला कुलूप होतं तेव्हा त्यांच्या सुनेने, म्हणजे वहिनींनी, वेबसाइट सुरू केली. परदेशात राहणारी मराठी गिऱ्हाइकं हळूहळू जोडली गेली. न्यू जर्सी, लंडन, दुबई, मेलबर्न. अर्ध्याहून जास्त वेळा साडी परदेशात जातच नाही. पैसे तिकडून येतात आणि पार्सल पुण्याला आईकडे, नाशिकला सासूबाईंकडे, ठाण्याला भावजयीकडे जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची आहे.

पहिला मेल ४ डिसेंबरचा होता. वहिनींनी तो जाहिरात समजून बाजूला सारला. उत्तराला सात दिवस होते, त्यातले चार गेले होते. महिना संपेपर्यंत असे एकूण दहा मेल आले.

काय झालं होतं ते मागून बघताना सरळ दिसतं. त्या वेळी कुणालाच दिसलं नव्हतं.

२७ सप्टेंबरची रात्र, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. घरात सगळे विसर्जनाच्या तयारीत. रात्री सव्वाएक ते दोनच्या दरम्यान वेबसाइटवर खणाच्या ब्लाउज पीससाठी २१२ वेळा पैसे भरायचा प्रयत्न झाला. किंमत ३५० रुपये, दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू. त्यातले २०३ प्रयत्न फसले, नऊ लागले. सकाळी वहिनींना नऊ ऑर्डरी दिसल्या. नावं परकी, पत्ते अर्धवट. चार पत्ते जरा बरे वाटले, त्यांवर माल रवाना केला. उरलेल्या पाचांना "पूर्ण पत्ता कळवा" म्हणून मेल केले, त्यांना उत्तरं आली नाहीत. फसलेले २०३ प्रयत्न गेटवेच्या डॅशबोर्डवर वेगळ्या टॅबमध्ये होते. तो टॅब कुणी उघडला नाही. का उघडला नाही, तर पैसे ज्यात आले नाहीत त्याकडे दुकानदार बघतच नाही.

याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. चोराकडे चोरलेल्या किंवा बनवलेल्या कार्ड क्रमांकांची यादी असते. त्यातली कोणती जिवंत आहेत ते त्याला माहीत नसतं. मग तो एखादी लहान, पहारा नसलेली वेबसाइट शोधतो आणि एक प्रोग्रॅम लावून एकामागून एक क्रमांक ढकलत राहतो. खण त्याला नकोच असतो. लागलेली नऊ कार्डं, ही त्याची कमाई. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याला फुकट कळते : या दारावर कुणी नाही.

मग ३ ते १२ ऑक्टोबरच्या दरम्यान सहा ऑर्डरी आल्या. ३६,५०० ची एक, ४२,००० च्या दोन, २८,००० ची एक, ५१,००० ची एक, ३२,००० ची एक. एकूण २,३१,५०० रुपये. सगळी कार्डं अमेरिका आणि कॅनडातली, पार्सलं मात्र मुंबईजवळच्या एका उपनगरातल्या दोन पत्त्यांवर. प्रत्येक ऑर्डरीला एक ओळीची चिठ्ठी : बहिणीला भेट आहे, लवकर पाठवा. वहिनींना यात वावगं काही वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. तिकडचं कार्ड आणि इकडचा पत्ता, हाच तर त्यांच्या अर्ध्या गिऱ्हाइकांचा रिवाज. परदेशातली फसवणूक रोखणारी पुस्तकी पद्धत सांगते की कार्डाचा पत्ता आणि पार्सलचा पत्ता वेगळा असेल तर संशय घ्या. आपल्याकडच्या विक्रेत्याने तो नियम जसाच्या तसा लावला तर त्याला दिवाळीच बंद करावी लागेल. चोराने तीच फट शोधली.

एका ऑर्डरीत माल निघाल्यावर पत्ता बदलून मागितला. कुरिअरवाल्याला फोन गेला, पत्ता बदलला गेला.

काकांना मात्र काहीतरी खटकलं होतं. ते मला नंतर म्हणाले, आणि हे वाक्य मी तेव्हापासून अनेक दुकानदारांना सांगितलंय : "पितृपंधरवड्यात पैठणी कोण घेतं?" २०२३ साली पितृपक्ष ३० सप्टेंबरच्या सुमारास सुरू झाला आणि १४ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या होती. सहाच्या सहा ऑर्डरी त्या पंधरवड्यात. पन्नास वर्षांत त्या पंधरा दिवसांत दुकानात एवढी विक्री झालेली काकांना आठवत नव्हती. त्यांनी तेव्हा सुनेला विचारलंही होतं. पण घरात सगळ्यांचं मत पडलं की परदेशातली मंडळी हल्ली तिथी पाळत नाहीत, आणि ऑनलाइनचं गणित वेगळं असतं. काका गप्प बसले. त्यांना वाटलं, आपल्याला यातलं कळत नाही.

त्यांनाच कळत होतं.

आता पैशाची वाट समजून घेऊ, कारण वहिनींचा खरा धक्का तिथे होता. "पैसे जमा झाले" आणि "पैसे आपले झाले" या दोन गोष्टी त्यांना एकच वाटत होत्या. बहुतेक भारतीय विक्रेत्यांना तसंच वाटतं आणि त्याला सबळ कारण आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. आपल्याला ती ओटीपी म्हणून ओळखीची आहे. त्यामुळे भारतात दिलेल्या कार्डाने कुणी खरेदी केली आणि पुढे "हा व्यवहार मी केलाच नाही" म्हणाला, तर तो वाद साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेच्या अंगावर जातो. विक्रेता सुटतो. पंधरा वर्षं या कवचात वावरल्याने आपल्या विक्रेत्यांना वाटतं की ऑनलाइन पैसा म्हणजे पक्का पैसा.

परदेशात दिलेल्या कार्डांना हा नियम लागू नाही. अमेरिकेचं कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर चालू शकतं. "पेमेंट सक्सेसफुल" याचा अर्थ तिथे इतकाच की कार्ड देणाऱ्या बँकेने त्या क्षणी होकार दिला. कार्डाचा खरा मालक महिन्याने हिशेबपत्रक बघतो, ओळख न पटलेली रक्कम दिसते, बँकेला सांगतो, बँक त्याला पैसे परत देते आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत ते विक्रेत्याच्या बँकेकडून ओढून घेते. विक्रेत्याची बँक गेटवेकडून घेते, गेटवे दुकानाला द्यायच्या पुढच्या रकमेतून कापतो. व्हिसाच्या नियमात फसवणुकीच्या तक्रारीला व्यवहारापासून १२० दिवस मिळतात. म्हणजे परदेशी कार्डाचा पैसा चार महिने पाहुणा असतो.

हा नियम अन्यायाचा आहे असं मला वाटत नाही, आणि वहिनींना मी तेच सांगितलं. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने ग्राहकाला चुकीच्या बिलाविरुद्ध बँकेकडे दाद मागायचा हक्क दिला. तो नसता तर तिथल्या कुण्या अनोळखी बाईचे पैसे गेले असते, आणि तिने काय पाप केलं होतं? कार्ड तिचं चोरीला गेलं, साडी काकांची चोरीला गेली. दोघांना लुटणारा एकच. प्रश्न फक्त एवढा की नुकसान कुणाच्या अंगावर पडायचं, आणि ओटीपीची पायरी नसेल तिथे नियम म्हणतो : ज्याने माल सोडला त्याच्या.

पण ती पायरी परदेशी कार्डांनाही लावता येते. तिचं नाव थ्री-डी सिक्युअर. विक्रेत्याने ती मागितली आणि पडताळणी झाली की फसवणुकीच्या तक्रारीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. या दुकानाच्या गेटवेवर ती सोय होती. सेटिंग उघडून बघितलं तर परदेशी कार्डांसाठी बंद. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने बंद केली होती, कारण सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं त्या पानावर अडकली होती. त्याने विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. एका टिकमार्कची किंमत दोन लाख एकतीस हजार.

आता हातातल्या दहा वादांचं काय करायचं? सहा मोठ्या साड्या, तीन खणाच्या ऑर्डरी, आणि एक वेगळाच, त्याकडे मी येते.

वहिनी लढायच्या तयारीत होत्या. कुरिअरच्या सह्या, पार्सलचे फोटो, वजनाची पावती, सगळं त्यांनी एका फाइलमध्ये लावून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं सांगताना, पण या सहा प्रकरणांत त्या फाइलचा काही उपयोग नव्हता. प्रत्येक वादाला एक कारण-क्रमांक असतो. विक्रेत्याने सर्वांत आधी तो वाचायचा. इथे सहाही ठिकाणी व्हिसाचा १०.४ होता : कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक. तक्रार करणारी बाई "साडी मिळाली नाही" असं म्हणतच नव्हती. ती म्हणत होती, "मी मागवलीच नाही." साडी कुणाला तरी पोचली याचा पुरावा तिच्या म्हणण्याला खोडत नाही, उलट दुजोरा देतो. हीच सही १३.१ च्या वादात, म्हणजे माल मिळाला नाही या तक्रारीत, सोन्यासारखी ठरली असती.

आम्ही नोंदी तपासल्या. सहा ऑर्डरींत सहा वेगळी कार्डं, पण फोन क्रमांक दोनच. मेलचे पत्ते त्याच आठवड्यात उघडल्यासारखे, नावापुढे आकड्यांच्या शेपट्या. इंटरनेटचा पत्ता कुठल्याही घरातला नाही, भाड्याच्या सर्व्हरचा. चार ऑर्डरी एकाच उपकरणावरून. मग शंका उरली नाही. सहाही वाद आणि खणाचे तिन्ही वाद आम्ही स्वीकारले. जिथे खरंच फसवणूक झाली आहे तिथे वाद पुढे रेटण्यात हशील नसतं. शेवटच्या पायरीला, लवादापर्यंत गेलं तर हरणाऱ्याला शेकडो डॉलर फी पडते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांकडे दोन्ही पत्त्यांसह तक्रार दिली. त्या खोल्या भाड्याच्या होत्या, रिकाम्या झाल्या होत्या. साड्या परत आल्या नाहीत.

खणाच्या उरलेल्या सहा व्यवहारांचे पैसे मात्र मी त्याच रात्री परत करायला लावले. वहिनी म्हणाल्या, "चोराला पैसे परत?" नाही. पैसे त्याच कार्डावर जातात, म्हणजे खऱ्या मालकाकडे. आणि परत केलेल्या रकमेवर सहसा वाद येत नाही. वादांची मोजदाद रकमेने होत नाही, संख्येने होते. ३५० रुपयांचा चार्जबॅक आणि ५१,००० चा चार्जबॅक, दोन्ही एक-एक. व्हिसाची त्या वेळची देखरेख महिन्याला शंभर वाद आणि ०.९ टक्के यांच्या पुढे सुरू व्हायची. या दुकानाच्या महिन्याला साठ-सत्तर कार्ड ऑर्डरी, शंभराला ते कधीच पोचणार नव्हते. पण गेटवेचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात, कारण लहान विक्रेता पळाला तर भुर्दंड गेटवेला बसतो. डिसेंबरअखेर त्यांचं पत्र आलंच : परदेशी कार्डं बंद का करू नयेत याचा खुलासा करा. दहाच्या जागी सोळा वाद असते तर खुलासा मागण्याचीही तसदी कुणी घेतली नसती.

दहावा वाद न्यू जर्सीच्या एका बाईंचा. ४ सप्टेंबरला त्यांनी गौरीसाठी १८,५०० ची मुनिया काठाची साडी नाशिकला सासूबाईंसाठी मागवली होती. ११ डिसेंबरला त्यावरही १०.४ आला. वहिनी हादरल्या, कारण या बाई जुन्या गिऱ्हाईक, दिवाळीला फोन करणाऱ्या. मी म्हटलं, फोन लावा.

"अहो, तुम्ही पैठणीवाले?" त्या बाई म्हणाल्या. "ते तुमचे पैसे होते? ह्यांनी हिशेब बघितला, कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं नाव दिसलं, म्हणाले आपण कुठे काय घेतलंय, टाकली तक्रार."

वेबसाइटचं नाव एक, आणि बँकेतल्या चालू खात्याचं, काकांच्या वडिलांनी ठेवलेलं पेढीचं नाव दुसरं. कार्डाच्या पत्रकावर पेढीचं नाव उमटत होतं. गिऱ्हाइकाने ते आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. याला इंग्रजीत 'फ्रेंडली फ्रॉड' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. इथे फ्रॉड नव्हताच. नवरा प्रामाणिक, बायको प्रामाणिक, दुकान प्रामाणिक, फक्त पत्रकावरचं नाव परकं. मुद्दाम माल खाऊन पैसे मागणारेही असतात, पण माझ्या बघण्यात अशा "ओळखलंच नाही" वाल्या तक्रारी निम्म्याहून जास्त.

बाईंनी बँकेला पत्र लिहिलं. तरी फक्त त्यावर विसंबू नये. बँकेत ते पत्र ज्या टेबलावर जातं आणि वाद ज्या टेबलावर चालतो ती दोन वेगळी टेबलं असतात. उत्तर आपण वेळेत द्यायचंच. आणि इथे आम्हाला एका नव्या नियमाचा आधार मिळाला. एप्रिल २०२३ पासून व्हिसाने १०.४ च्या वादात विक्रेत्याला एक ठोस मार्ग दिला आहे. त्याच कार्डावरचे, त्याच गिऱ्हाइकाचे दोन जुने व्यवहार दाखवा, ज्यांवर फसवणुकीची तक्रार झालेली नाही आणि जे वादाच्या तारखेच्या आधी १२० ते ३६५ दिवसांच्या दरम्यानचे आहेत. मग त्या दोन्हींत आणि वादातल्या व्यवहारात किमान दोन खुणा जुळवून दाखवा : इंटरनेटचा पत्ता, उपकरणाची ओळख, पार्सलचा पत्ता, वेबसाइटवरचं लॉगिन. दोन खुणांतली एक इंटरनेटचा पत्ता किंवा उपकरणाची ओळख असलीच पाहिजे. हे जुळलं की जबाबदारी बँकेकडे परत जाते.

बाईंनी २०२२ च्या दिवाळीला साडी घेतली होती, पण ती ३६५ दिवसांच्या बाहेर गेलेली. जानेवारीत संक्रांतीला काळी चंद्रकळा, मार्चमध्ये गुढीपाडव्याला एक. या दोन बसल्या. नाशिकचा पत्ता तिन्ही वेळा एकच. लॉगिन एकच. राहिली ती सक्तीची खूण. वेबसाइटकडे ती नोंद नव्हतीच, सर्व्हरच्या नोंदी नव्वद दिवसांनी पुसल्या जात होत्या. गेटवेकडे मात्र होती. त्यांच्या मदतकेंद्रात एका मुलीने दोन दिवसांत ती काढून दिली, तिचे आभार मानावेत तेवढे थोडे. जानेवारीच्या शेवटी १८,५०० परत आले. पुरावा वाद आल्यावर गोळा करायचा नसतो, ऑर्डर आली त्या क्षणी तो आपोआप साठला पाहिजे, हे वहिनींना त्या दोन दिवसांच्या धाकधुकीत जितकं कळलं तितकं मी बोलून कळलं नसतं. आता त्या नोंदी दीड वर्ष ठेवल्या जातात.

मग दुरुस्त्या. थ्री-डी सिक्युअर सुरू केलं, हे सांगायला नकोच. पत्रकावरचं नाव वेबसाइटचं करून घेतलं. एका उपकरणावरून तीनदा पैसे फसले की दार बंद, आणि फसलेले व्यवहार रोज सकाळी बघायचे. दिवा लावला की तो टॅब, असं वहिनींनी स्वतःच ठरवलं. माल निघाल्यावर पत्ता बदलणार नाही, कुरिअरलाही तसं लेखी दिलं. हे सगळं कुठल्याही गेटवेच्या मदतपानावर सापडेल.

तपासताना आणखी एक भोक सापडलं, ज्यातून अजून काही गेलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा ब्राउझर "पैसे भरले" म्हणत परत आला की वेबसाइट ऑर्डर पक्की करत होती, गेटवेच्या सर्व्हरला विचारत नव्हती. ब्राउझर गिऱ्हाइकाच्या हातात असतो, तो काहीही सांगू शकतो. २०२२ मध्ये बेंगळुरूतल्या एका मोठ्या पेमेंट कंपनीने पोलिसांत तक्रार दिली होती : ८३१ फसलेले व्यवहार यशस्वी म्हणून दाखवून ७.३८ कोटी रुपये नेले गेले. पडताळणीची एक पायरी सुटली की मोठ्यांचंही असं होतं. ते भोक त्याच आठवड्यात बुजवलं.

खरी मजबूत दुरुस्ती काकांकडून आली.

मी त्यांना विचारलं होतं, "काका, दुकानात पैठणी घ्यायला आलेलं माणूस कसं वागतं?" ते हसले. म्हणाले, ती आधी पदर उलटा करून बघते. मग उजेडात नेते. मग आईला फोन लावते. मग दुसरी बघते, परत पहिलीवर येते. ब्लाउज पीस आतलाच आहे का विचारते. शेवटी किंमत. आणि निघताना, फॉल-पिको तुम्ही करून देता का?

वहिनींकडच्या परदेशी गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅप काढून बघितले. अगदी तसंच. व्हिडिओ कॉलवर पदर, दिवसाच्या उजेडातला फोटो, "हा रंग प्रत्यक्षात थोडा राणी आहे ना?" त्या सहा ऑर्डरींत एकही प्रश्न नव्हता. पन्नास हजारांची साडी, आणि फक्त कधी निघणार एवढीच चौकशी.

म्हणून आम्ही असं केलं : परदेशी कार्डावरची वीस हजारांच्या वरची ऑर्डर आली की पैसे फक्त अडवून ठेवायचे, उचलायचे नाहीत. गेटवेच्या भाषेत ऑथराइज होतं, कॅप्चर होत नाही. ठरलेल्या दिवसांत कॅप्चर केलं नाही तर रक्कम आपोआप गिऱ्हाइकाच्या कार्डावर मोकळी होते. वादाला जागाच उरत नाही, कारण विक्री झालेलीच नसते. तेवढ्या मुदतीत वहिनी फोन करतात. "तुम्हीच कार्डाचे मालक ना?" असं विचारायचं नाही. चोर त्याला हो म्हणतो आणि खरं गिऱ्हाईक दुखावतं. विचारायचं ते हे : फॉल-पिको करून पाठवू का? ब्लाउज पीस कापून वेगळा देऊ की साडीला जोडलेला राहू दे? या प्रश्नाने खरं गिऱ्हाईक सुखावतं. चोराला मात्र साडी कोरी हवी असते, विकायची असते. फॉल लावलेली, पीस कापलेली पैठणी दुसऱ्या दुकानात कोण घेणार?

मधल्या काळात काकांनी कार्डंच बंद करायचा हट्ट धरला होता. "यूपीआय ठेवा, पैसा लगेच मिळतो." यूपीआयमध्ये परदेशी कार्डासारखा चोरलेल्या क्रमांकाचा धोका नाही हे खरं. पण तिथे खोट्या स्क्रीनशॉटवर माल सोडणारे दुकानदार आहेत, आणि फसवणुकीचा पैसा फिरत फिरत आपल्या खात्यात आला तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम गोठवते, तेही आहेच. एक चांगलं मात्र निघालं. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिरातीसह काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावर अनिवासी भारतीयांना त्यांच्या भारतातल्या एनआरई-एनआरओ खात्यांतून यूपीआय वापरता येतं. वहिनींनी जुन्या गिऱ्हाइकांना ते कळवलं, बरीच जणं तिकडे वळली. कार्डं अर्थातच राहिली.

२०२४ चा हंगाम, गणपती ते दिवाळी, फसवणुकीचा एकही वाद न येता गेला. रंगावरून एक तक्रार आली, साडी परत घेतली, तिथेच मिटलं. सप्टेंबरअखेर, पुन्हा पितृपक्षातच, ५८,००० ची एक ऑर्डर आली. फोन उचलला गेला नाही, "आजच पाठवा" असे तीन मेल मात्र आले. पाचव्या दिवशी रक्कम सुटून गेली.

पण त्याच हंगामात ऑक्टोबरमध्ये मेलबर्नहून एका तरुणाने ३४,००० ची बांगडी-मोर पदराची साडी मागवली, पार्सल पुण्याला. वहिनींनी फोन लावला आणि फॉल-पिकोचं विचारलं. त्याला ते काय असतं हेच माहीत नव्हतं. रंगाचं विचारलं, तो म्हणाला कुठलाही चालेल. वहिनींचा संशय बळावला, त्यांनी कार्डावरचं नाव विचारलं, ओळखपत्राचा फोटो मागितला. तो चिडला, ऑर्डर रद्द करा म्हणाला. रद्द झाली. दहा दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "माझ्या मुलाने तुमच्याकडे माझ्या साठीनिमित्त साडी मागवली होती. पहिल्या पगाराची. मला सांगायचं नव्हतं त्याला. तुम्ही त्याला चोर म्हणालात का?"

वहिनींनी माफी मागितली, तीच साडी निम्म्या नफ्यावर द्यायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, आता नको.

आता फोनचं पहिलं वाक्य बदललंय. "साडी कुणासाठी घेताय?" असं वहिनी विचारतात आणि थोडा वेळ नुसतं ऐकतात. मुलगा आईबद्दल दोन वाक्यं बोलतोच. फॉल-पिको त्यानंतर.